भटक्या चतुर व गडकरी उंदीर

मृगाचा पाऊस एकदां नीट पडला, पेरणी उरकली आणि मग चार दिवस आभाळ उघडें राहिलें, म्हणजे वऱ्हाडांतील कोणत्याही गांवीं एक देखावा हमखास दिसतो. अमरावतीस वडाळी तलावाच्या कांठीं, अकोल्यास मोर्णेच्या पात्रालगत, शाळेच्या पटांगणावर, फार काय, नुसत्या डांबरी रस्त्यावरील तापल्या हवेंतही पिंवळसर अंगाचे शेंकडों चतुर घिरट्या घालूं लागतात. ते क्वचितच कोठें टेकतात. दिवसभर त्यांचें उडणें चालूच असतें. लहान मुलें त्यांस पकडून त्यांच्या शेंपटीस दोरा बांधतात. मोठीं माणसें त्यांच्याकडे लक्षही देत नाहींत. अति परिचयानें अवज्ञा होते ती अशी. याच महाराष्ट्रांत दुसरा एक प्राणी आहे. त्यास आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं पाहिलें नसेल, आणि पाहिलें असल्यास ‘उंदीर’ म्हणून हाकलून दिलें असेल. पुण्याजवळच्या सिंहगडाच्या माथ्यावर राहणारा, कोंढाण्याचा उंदीर या नांवानें शास्त्रज्ञांस परिचित असलेला तो प्राणी आज नष्ट होण्याच्या भयांत आहे. या दोघांस एका पंक्तीस बसवून पाहण्याचा आमचा विचार आहे.

कीटकाची व सस्तन प्राण्याची तुलना ती काय करावयाची, असा आक्षेप कोणी घेईल. एकास सहा पाय व चार पंख, दुसऱ्यास चार पाय व अंगभर केस. एक उन्हाचा सोबती, दुसरा रात्रीचा. देहरचनेंत साम्य शोधूं गेल्यास हातीं कांहीं लागणार नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. परंतु आमचा प्रश्न शरीरशास्त्राचा नसून इतिहासाचा आहे. दोघांवर पडणारा मोसमी पाऊस एकच. दोघांच्या पायांखालचा दख्खनचा काळा कातळही एकच. असें असतां एका जातीनें पृथ्वीचे उष्ण प्रदेश व्यापावे आणि दुसरीनें डोंगराच्या माथ्यावर अडून राहावें, हें कां झालें? आणि या दोघांची ओळख माणसास केव्हां व कशी पटली? या प्रश्नांचा विचार करतां आपण ज्यास ‘सामान्य’ व ‘दुर्मीळ’ म्हणतों, त्या शब्दांचाच अर्थ पुन्हां तपासावा लागतो.

चतुराची शास्त्रीय नोंद जुनी आहे. लिनियसचा शिष्य, डॅनिश कीटकशास्त्रज्ञ योहान ख्रिश्चन फाब्रिसियस यानें १७९८ सालीं हिंदुस्थानांतील नमुन्यावरून त्यास नांव दिलें. आज ग्रंथांतून तो ‘पँटाला फ्लॅव्हेसेन्स’ म्हणून आढळतो. त्यांतील दुसरा शब्द त्याच्या पिंवळट रंगाचा निदर्शक आहे. त्या वेळीं पुण्यास दुसऱ्या बाजीरावाची पेशवाई होती, आणि वऱ्हाड प्रांत निजाम व नागपूरकर भोसले यांच्या दुहेरी अमलाखालीं भरडला जात होता. पुढें इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील डॉक्टर लेफ्टनंट कर्नल एफ. सी. फ्रेझर यांनीं १९३३ ते १९३६ या काळांत ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या मालेंत या देशांतील चतुरांवर तीन खंड प्रसिद्ध केले. रोग्यांची नाडी पाहणाऱ्या गृहस्थानें फुरसतीच्या वेळांत केलेलें हें काम आजही आधारभूत मानलें जातें. अशा रीतीनें नांव, रूप आणि वसतिस्थान यांची नोंद झाली. पण पावसाळा सरल्यावर हे चतुर जातात कोठें, हा प्रश्न तसाच राहिला.

त्याचें उत्तर आलें तें समुद्रांतील एका बेटावरून. मालदीव बेटांत राहणारे जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांस असें दिसून आलें कीं, दरवर्षीं ऑक्टोबरच्या सुमारास तेथें चतुरांचे थवेच्या थवे उतरतात. बेटें प्रवाळाचीं, जमिनीवर गोडें पाणी जवळजवळ नाहींच. गोड्या पाण्यावांचून ज्याची पैदास होत नाहीं त्या प्राण्यानें शेंकडों किलोमीटर समुद्र ओलांडून अशा ठिकाणीं यावें, याला अर्थ काय? अनेक वर्षांच्या नोंदी जुळवून अँडरसन यांनीं २००९ सालीं आपला निष्कर्ष मांडला. हे चतुर हिंदुस्थानांतून निघतात, उंचावरील अनुकूल वाऱ्याच्या आधारानें मालदीव व सेशेल्स बेटांवरून हिंदी महासागर ओलांडतात, पूर्व आफ्रिकेंतील पावसावर त्यांची पुढील पिढी वाढते, आणि अखेर नैर्ऋत्येच्या मोसमी वाऱ्याबरोबर त्यांचे वंशज इकडे परततात. हा सर्व फेरा १४ ते १८ हजार किलोमीटरांचा असून तो पुरा होण्यास सुमारें चार पिढ्या लागतात. म्हणजे जो निघाला तो परत येत नाहीं. परत येतो तो त्याचा पणतू. अर्थात् एकाच चतुराच्या पाठोपाठ समुद्रापार कोणी गेलेलें नाहीं. वारे, पाऊस आणि तारखा यांची सांगड घालून काढलेलें हें अनुमान आहे. परंतु त्यास पुढें बळकटी आली. मालदीवांत पकडलेल्या चतुरांच्या पंखांतील हायड्रोजनच्या घटकांची तपासणी २०१२ सालीं प्रसिद्ध झाली; त्यावरून ते जवळच्या दक्षिण हिंदुस्थानांत जन्मलेले नसून बरेच उत्तरेकडून आलेले असावे असें दिसलें. २०१६ सालच्या दुसऱ्या एका अभ्यासांत निरनिराळ्या खंडांतील या चतुरांचें आनुवंशिक द्रव्य इतकें सारखें आढळलें कीं, जगभर त्यांचें एकच गणगोत नांदत असावें.

या दिग्विजयाचें रहस्य त्याच्या पंखांत जितकें आहे, तितकेंच त्याच्या बालपणांत आहे. चतुराचें पोर पाण्यांत वाढतें. कांहीं जातींच्या पोरांस प्रौढ होण्यास वर्ष किंवा त्याहून अधिक काळ लागतो, व म्हणून त्यांस बारमाही पाणी हवें असतें. आमच्या या भटक्याचें काम पांच ते नऊ आठवड्यांत आटोपतें. बैलगाडीच्या चाकोरींत, शेताच्या बांधाआड, विटांसाठीं माती काढलेल्या खड्ड्यांत सांचलेलें, चार महिन्यांनीं आटून जाणारें पाणी त्यास पुरतें; किंबहुना असें पाणी त्यास अधिकच मानवतें, कारण त्यांत अंडीं-पिलें गट्ट करणारे मासे नसतात. पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाणपट्ट्यांत, जेथें विहिरीचें पाणी तोंडीं लागत नाहीं, तेथेंही पावसाचें गोडें पाणी खड्ड्यांत सांचलें कीं त्याचा संसार मांडला जातो. तेथें त्याचें पोर डांसांचीं पिलें खातें, व पंख फुटल्यावर तो स्वतः डांस व चिलटें टिपतो. डबकें आटण्यापूर्वीं तो उडून गेलेला असतो. त्याला घर म्हणून एखादें ठिकाण नाहीं; एक ऋतु हेंच त्याचें घर, आणि तो ऋतु जिकडे सरकेल तिकडे तो जातो.

आतां दुसऱ्याकडे वळूं. कोंढाण्याच्या उंदराची गोष्ट समजण्यास आधीं त्याच्या एका भाऊबंदाची ओळख करून घेतली पाहिजे, कारण तो आपल्या काळ्या जमिनींतला आहे. मऊ केसांच्या शेतउंदरांचा एक गट आहे. त्यांतील सर्वांत सामान्य जातीचें पहिलें चांगलें वर्णन वॉल्टर एलियट या मुलकी अधिकाऱ्यानें केलें. दक्षिण महाराष्ट्रांतील, म्हणजे त्या वेळच्या धारवाडकडील मुलखांतील, प्राण्यांची त्याची यादी १८३९ सालीं प्रसिद्ध झाली. तो सांगतो कीं, हा उंदीर स्वतः चांगलें बीळही खणीत नाहीं. झुडपाच्या मुळाशीं, दगडांच्या राशींत, दुसऱ्यांनीं सोडलेल्या बिळांत, किंवा उन्हाळ्यांत काळ्या जमिनीस पडणाऱ्या भेगांत तो राहतो. पहिल्या जोराच्या पावसांत त्या भेगा मिटतात आणि दरवर्षीं असंख्य उंदीर त्यांत गाडले जातात. १८२६ सालीं आरंभींचा पाऊस कमी पडला, भेगा वेळेवर मिटल्या नाहींत, आणि उंदरांचा सुळसुळाट झाला. पेरलेलें बीं त्यांनीं उकरून खाल्लें. पुढें ज्वारी भरतीस आल्यावर ताटांवर चढून कणसें तोडलीं. शेतांमागून शेतें उजाड होऊन शेतकऱ्यांस सारा भरणें अशक्य झालें. मग वडार लोकांस धान्याच्या मापावर उंदीर मारण्याच्या कामीं लावलें. त्यांनीं ते हजारोंनीं मारले. तरी संख्येंत फरक म्हणून दिसला नाहीं. अमरावती-अकोल्याच्या काळ्या जमिनींत ज्यानें शेती केली आहे, त्यास या वर्णनांतील एकही शब्द परका वाटणार नाहीं.

या गटास शास्त्रीय नांव मिळालें तें मात्र बऱ्याच काळानें. १८८३ सालीं स्थापन झालेल्या बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे चिटणीस डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्या पुढाकारानें १९११ च्या सुमारास हिंदुस्थानांतील सस्तन प्राण्यांची मोठी पाहणी सुरू झाली. सी. ए. क्रम्प हे संग्राहक प्रथम खानदेशांत हिंडले आणि नंतर वऱ्हाडांत आले. पाहणीच्या अहवालांत खानदेशाचा क्रमांक पहिला व वऱ्हाडाचा दुसरा आहे. आपल्या प्रांतास हा मान मिळाला होता, हें आज आपल्यांतील किती जणांस ठाऊक आहे? त्याच १९११ सालीं लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममधील ओल्डफील्ड थॉमस यांनीं मऊ केसांच्या या उंदरांच्या गटास मिलार्ड यांच्या सन्मानार्थ ‘मिलार्डिया’ असें नांव दिलें.

याच मिलार्डिया गटांत १९७५ सालीं एका नव्या जातीची भर पडली. पुण्याचें विषाणू संशोधन केंद्र १९५२ सालीं स्थापन झालें; तेंच पुढें राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखलें जाऊं लागलें. प्राण्यांच्या अंगावरील पिसवा व गोचिडी आणि त्यांतून पसरणारे रोग यांचा शोध घेणें हें त्या केंद्राच्या कामाचें एक अंग असल्यामुळें तेथील संशोधकांस उंदरांचीही जातवारी नीट लावावी लागे. ए. सी. मिश्रा व व्ही. ढांडा यांनीं या गटाचा पुन्हां आढावा घेतांना सिंहगडावरील उंदीर निराळ्या जातीचा असल्याचें दाखविलें व त्यास ‘मिलार्डिया कोंढाणा’ म्हणून ग्रंथांत दाखल केलें.

येथें इतिहासाच्या अभ्यासकानें क्षणभर थांबावें. या गडासाठीं केवढी धडपड झाली! ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्रीं तानाजी मालुसरे येथें पडले. १७०३ सालीं औरंगजेबानें तो घेऊन त्यास ‘बक्षिंदाबक्ष’ असें नांव दिलें. १८१८ सालीं तो इंग्रजांच्या हातीं गेला. त्याचे दरवाजे, टांकीं, बुरूज आणि कडे यांवर आमच्या इतिहासकारांनीं रकानेच्या रकाने लिहिले आहेत. पण त्याच माथ्यावरील झुडपांत व गवतांत बिळें करून राहणारा हा प्राणी १९७५ पर्यंत कोणाच्याच दप्तरांत नव्हता. बादशहानें ठेवलेलें नांव त्याच्याबरोबर गेलें. कोंढाणा हें जुनें नांव मात्र या उंदराच्या मिषानें जगांतील प्राणिशास्त्राच्या ग्रंथांत कायमचें नोंदलें गेलें. डोंगर पोखरून उंदीर काढणें ही म्हण आपण व्यर्थ श्रमासाठीं वापरतों. या एका डोंगराच्या बाबतींत मात्र ती म्हण उलटी वाचावी लागेल.

शोध लागला तेव्हां हा उंदीर सिंहगडाशिवाय अन्यत्र ठाऊक नव्हता. अलीकडील पाहण्यांत सह्याद्रीच्या आसपासच्या कांहीं डोंगरमाथ्यांवरही तो आढळला आहे, ही समाधानाची गोष्ट होय. तथापि त्याचें एकंदर क्षेत्र फारच लहान आहे. जागतिक निसर्गसंरक्षण संघाच्या यादींत तो ‘संकटग्रस्त’ जातींत मोडतो. त्यावरील संकटें म्हणजे कोणी शिकारी नव्हेत. माथ्यावरील गवत व झुडपें गुरांनीं चरून संपविणें आणि हौशी प्रवाशांची वाढती वर्दळ, हींच तीं संकटें. प्रत्येक रविवारीं गडावर जाणाऱ्या आपल्यासारख्या सुशिक्षित कुटुंबांचा त्यांत वांटा आहे, हें नाकारून चालणार नाहीं.

कायद्याची कथा याहून विलक्षण आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पांचव्या परिशिष्टांत उपद्रवी प्राण्यांची यादी होती. कावळा व फळें खाणारीं वटवाघळें यांच्या जोडीस तींत ‘उंदीर’ हा एकच मोघम शब्द होता. त्यांत शेतें उजाड करणारा उंदीर आणि एका गडावर कसाबसा तगून राहिलेला उंदीर असा भेद नव्हता. म्हणजे जागतिक यादींत जो संकटग्रस्त, तो देशाच्या कायद्यांत उपद्रवी! २०२२ च्या दुरुस्तीनें तें परिशिष्टच काढून टाकलें व ती दुरुस्ती एप्रिल २०२३ पासून अमलांत आली; पण पन्नास वर्षें हा विरोधाभास टिकला. याचा दोष केवळ कायदा करणाऱ्यांवर टाकणें न्यायाचें होणार नाहीं. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला आणि १८९८ सालीं कराचींत पॉल-लुई सिमों यानें उंदरावरील पिसवांचा त्या रोगाशीं असलेला संबंध दाखविला. तेव्हांपासून ‘उंदीर पडला’ एवढें ऐकतांच घर सोडून रानांत झोपड्या घालणाऱ्या समाजाचे आम्ही वंशज आहों. ज्या शब्दाबरोबर इतकें भय चिकटलें आहे, त्या शब्दाखालीं एखादा निरपराधही असूं शकेल, हें सुचण्यास काळ लागतोच.

आतां दोघांस समोरासमोर उभे करूं. चतुर सर्वत्र आहे, म्हणून तो श्रेष्ठ. कोंढाण्याचा उंदीर मागें पडला, म्हणून तो दुर्बळ, असा सोपा निकाल देण्याचा मोह होतो. शाळेंत शिकलेल्या ‘बळी तो कान पिळी’ या तत्त्वाशीं तो जुळतोही. परंतु एलियटची साक्ष या निकालाच्या आड येते. ज्या उंदरानें १८२६ सालीं सरकारसाऱ्याची वसुली अडविली, तो याच गटाचा, याच मऊ केसांचा. एकाच गटांतील एका जातीचा नायनाट हजारोंनीं मारूनही होईना. दुसरीस नुसत्या सहलीच्या पायरवानें धोका पोहोंचतो. तेव्हां हा फरक अंगच्या बळाचा म्हणतां येत नाहीं. तो निवाऱ्याचा आहे. एकानें शेताचा आश्रय घेतला, आणि माणसानें नांगर चालवून त्याचें राज्य वाढविलें. दुसऱ्यानें डोंगरमाथ्याचा आश्रय घेतला, आणि डोंगरमाथे कांहीं वाढत नाहींत. चतुराचेंही तसेंच. आपण खणलेला प्रत्येक खड्डा, प्रत्येक शेततळें हें नकळत त्याला दिलेलें इनाम आहे. तात्पर्य, सामान्यपणा हा गुण नव्हे व दुर्मीळपणा हा दोष नव्हे. कोणत्या प्राण्याचें घर माणसाच्या चालीबरोबर वाढलें आणि कोणाचें आकसलें, याचा तो हिशेब आहे.

हा हिशेब मान्य केला म्हणजे त्यांतून एक कर्तव्य निघतें, आणि तें आमच्या वऱ्हाडासही लागू आहे. आमच्याकडे सिंहगड नाहीं. पण गाविलगड व नरनाळा आहेत. सातपुड्याच्या या दोन्ही गडांच्या माथ्यांवर गवत आहे, झुडपें आहेत, जुने तलाव आहेत. १५ डिसेंबर १८०३ रोजीं आर्थर वेलस्लीच्या सैन्यानें गाविलगड सर केला, हें आमचे विद्यार्थी पाठ म्हणून दाखवितात. त्या तटांच्या आंत काय वाढतें व काय राहतें, हें विचारल्यास ते गप्प बसतात, आणि खरें सांगावयाचें तर त्यांचे अध्यापकही गप्प बसतात. मेळघाटांत १९७४ पासून व्याघ्रप्रकल्प आहे व नरनाळ्याचें रान अभयारण्य आहे, हें आमचें भाग्य. वाघाच्या छत्राखालीं पुष्कळ लहानसहान जीव सुखानें नांदतात. परंतु जेथें वाघ नाहीं त्या डोंगरास वाली कोण? वाघासाठीं वर्गणी जमते. उंदरासाठीं जमणार नाहीं, आणि ती जमावी असा आमचाही आग्रह नाहीं. त्याला पैसा फारसा नकोच आहे. माथ्यावरील गवताचे कांहीं पट्टे गुरांपासून व पायांपासून राखावे, गडाची डागडुजी करतांना दगडाबरोबर झुडपाचाही विचार व्हावा, आणि किल्ल्याच्या इतिहासांत तेथील जीवांस एक प्रकरण मिळावें, एवढ्यानें बरेंच साधेल. पाहणी करणारास क्रम्पप्रमाणें परदेशांतून येण्याची आतां गरज नाहीं. अमरावती व अकोला येथील महाविद्यालयांत प्राणिशास्त्र शिकणारीं मुलेंमुली पुष्कळ आहेत.

आणि चतुराविषयीं तरी निश्चिंत राहावें काय? जागतिक यादींत त्याच्या नांवापुढें चिंतेचें कारण नाहीं अशी नोंद आहे. तरीही त्याचें भाग्य उथळ पाण्यावर अवलंबून आहे, आणि तें पाणी आमच्या शेतांतून वाहत येतें. कपाशीवर जें विष फवारलें जातें, तें पावसाबरोबर खड्ड्यांत उतरतें. गांवाजवळचीं डबकीं बुजवून तेथें घरें उठतात. एक डबकें गेलें तर तो दुसरें शोधील, कारण तेंच त्याचें ब्रीद आहे. पण ज्याचा सारा प्रवास एका पाण्यावरून दुसऱ्या पाण्यावर उडी घेण्याचा आहे, त्याच्या वाटेवरील पायऱ्या किती काढल्या म्हणजे तो खालीं पडेल, याचा अंदाज आज कोणीही देऊं शकत नाहीं. विपुल असलेली वस्तु अक्षय असते, ही समजूत मोठमोठ्या राज्यांसही महागांत पडली आहे.

इतिहास लिहिणारास राज्यांचा उदयास्त पाहण्याची संवय असते. भटक्यांनीं साम्राज्यें स्थापिलीं आणि गडकरी आपला एकच गड धरून शेवटपर्यंत झुंजले, अशीं उदाहरणें त्याला हवीं तितकीं सांपडतील; आणि तो दोघांचेंही वृत्त सारख्याच आदरानें लिहितो. पावसाबरोबर फिरणाऱ्या चतुरास आणि कोंढाणा न सोडणाऱ्या उंदरास तेवढीच समदृष्टि मिळावी, इतकेंच आमचें म्हणणें आहे. एकाचें ऋतूवर व दुसऱ्याचें जागेवर प्रेम आहे. ऋतूचें पाणी आणि गडाचें गवत हीं दोन्हीं राखणें अद्याप आमच्या हातांत आहे.